टोच्या आरपार गेला तर? गंजक्या गाडीची ड्रॅगसाठी तयारी

जुनी गाडी ड्रॅगसाठी, म्हणजे थांबल्या जागेवरून सुटून सरळ ट्रॅकवर धावायच्या शर्यतीसाठी, घ्यायची ठरली की गप्पा इंजिनापासून सुरू होतात. गाडी मात्र फ्लोअरपासून बघावी. 402 मीटरच्या धावेत बॉडीला सगळ्यात मोठा हिसका सुटतानाच बसतो. चिकट टायर जमीन सोडत नाहीत, मागचा अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळायला बघतो आणि तो सगळा पीळ सस्पेन्शनच्या पाट्यांच्या किंवा कंट्रोल आर्मच्या (अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्यांच्या) माउंटमधून पत्र्यात शिरतो. चिखल-पाणी साचून गंज धरतो तोही बहुतेक वेळा याच कोपऱ्यात.

तपासणीला हातोडी, टोच्या आणि लोहचुंबक पुरे. आतलं कार्पेट आणि डांबरी शीट आधी काढून टाका. ते राहिलं तर बघितलं काय आणि नाही काय, सारखंच. चांगला पत्रा हातोडीखाली खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोच्या जोर लावून दाबायचा. आरपार गेला तर तो पत्रा कापावाच लागणार. चुंबक चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे असं धरून चाला. खालून नवाकोरा काळा अंडरकोट दिसला तर खूश होऊ नका, आधी तो खरवडा. सिलची (दाराखालच्या पोकळ पेटीची) दोन्ही टोकं, सीटच्या बोल्टभोवतीचा भाग, बॅटरी ट्रेच्या खालची जागा, पुढचे स्ट्रट टॉवर (सस्पेन्शनचं वरचं टोक बसतं ते उंचवटे) आणि मागच्या माउंटजवळचे चेसिस रेल (फ्लोअरखालचे लांब पोकळ दांडे) या जागा एकही न सोडता ठोकून बघा. फ्लोअर आणि सिल बदलता येतात. पण दोन्ही रेल माउंटपाशी कुजलेले आणि वर स्ट्रट टॉवरही गेलेला, असं असेल तर सरळ दुसरी बॉडी शोधा. तेवढ्या कष्टात चांगली बॉडी निम्मी तयार होते.

कापाकापीच्या आधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी आणि लाइन बाहेर काढा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. गाडी सस्पेन्शनच्या माउंटखाली स्टँड लावून समतल करा. जॅकवर ठेवून कापू नका. दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरपा पाइप वेल्डिंगच्या ठिपक्यांनी टाचून घ्या, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, दाराच्या फटी चार जागी मोजून कागदावर लिहा. एका वेळी एकच सिल कापायचं. दोन्ही एकदम कापली की बॉडी मधे बसते, आणि मग नवं सिल वाकड्या गाडीलाच पक्कं होतं.

गंज संपला असं वाटतं तिथून आणखी 25 मिमी तरी पुढे कापा. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही. आर्क लागताच भोक पडतं, ते बुजवायला गेलं की शेजारी दुसरं पडतं. असं व्हायला लागलं की हाताला दोष देऊ नका, काप कमी पडलाय. फ्लोअरला साधारण 1 मिमी पत्रा चालतो. रेलला मूळ जाडी कॅलिपरने मोजून तेवढीच घ्या. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते. पातळ पत्र्याला वेल्डिंगची 0.6 मिमी तार. आधी 25-30 मिमी अंतरावर टाके, एक इकडे, एक तिकडे, मग मधल्या जागा थोड्या थोड्या भरत जायच्या. सलग ओढलं की पत्रा तापून लाटेसारखा उठतो. ठिगळ शक्यतो काठाला काठ लावून जोडा. एकावर एक ठेवलं तर मधल्या फटीत पाणी राहतं आणि गंज पुन्हा तिथूनच निघतो.

एक सूचना मात्र अजिबात विसरू नका. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो. जस्त चढवलेला पत्रा असेल तर जोडाजवळचं जस्त घासून काढा, मास्क लावा.

रोल बारची, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पाइपच्या कमानीची, पाळी यानंतर. कुजक्या फ्लोअरवर बसवलेला बार नसल्यापेक्षा वाईट. गाडी उलटली की त्याचा पाय पत्रा फाडून खाली जातो आणि बेल्ट त्याच बारला बांधलेले असतात. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत चेसिस वेगळी नसलेल्या बॉडीला फ्लोअरच्या वर आणि खाली 6 इंच चौरस, 1/8 इंच जाडीच्या प्लेट आणि प्रत्येक जोडीला किमान चार 3/8 इंची बोल्ट सांगितलेत. माइल्ड स्टीलचा पाइप 1.75 इंची, भिंत 0.118 इंच. छप्पर असलेली गाडी 402 मीटर 11.49 सेकंदांत किंवा त्याहून लवकर धावली की बार लागतो, 9.99 किंवा त्याहून वेगवान झाली की पूर्ण केज (ड्रायव्हरभोवतीचा पाइपचा पिंजरा). जिथे धावणार तिथलं चालू नियमपुस्तक बघूनच पाइप कापा. फ्लोअर मूळ आकारातच दुरुस्त करा. आकार बदलला तर गाडी 9.99 पर्यंत पोचायच्या आधीच केज लागू शकतो.

बार, केज, सीटचे ब्रॅकेट सगळं वेल्ड झालं की मग रंग. इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर (जोड बुजवायचा लेप), आणि पोकळ भागांत मेण अगदी शेवटी. मेण आधी मारलं आणि नंतर कुठे टाका घालावा लागला तर सिलच्या आत आग लागते, जी बाहेरून दिसतही नाही.

बाकीचं थोडक्यात. ब्रेकच्या जुन्या लोखंडी नळ्या चांगल्या दिसल्या तरी सगळ्या बदला, कारण क्लिपखाली त्या आतल्या आत खाल्लेल्या असतात. प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसपासून (युनिव्हर्सल जॉइंटपासून) 6 इंचांच्या आत 1/4 इंच जाड, 2 इंच रुंद पट्टीचा लूप हवा. क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उचलतो. बॅटरी डिकीत नेली तर मागे कटऑफ स्विच लागतो. तो फिरवल्यावर चालू इंजिन बंद पडलं पाहिजे. नुसती बॅटरी तोडली तर अल्टरनेटर इंजिन चालू ठेवतो, म्हणून वायरिंग झाल्यावर हे करून बघा.

पहिल्या चार-पाच धावा अर्ध्या जोराने काढा आणि गाडी वर घ्या. माउंटभोवतीच्या सीम सीलरवर केसासारखी चीर, बोल्टशेजारी तडकलेला रंग किंवा तपकिरी भुकटी दिसली तर तिथला पत्रा हलतोय. मग लिहून ठेवलेला कागद काढा आणि दाराच्या फटी परत मोजा. एखादी 2 मिमीने जरी बदलली असेल तर गाडी परत स्टँडवर.