अनकमिटेड कोपरा

परवा गुरुवारी, 3 जानेवारी 2008 ला, मी अमेरिकेत पहिल्यांदा मत दिलं. दिलं म्हणजे काय, उभी राहिले. आमच्या आयोवा राज्यात कॉकस असतो, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायची सभा, आणि त्यात डेमोक्रॅट लोकांकडे ना मशीन, ना चिठ्ठी, ना बोटाला शाई. संध्याकाळी सातच्या आत शाळेच्या जिममध्ये पोचायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, मग डोकी मोजतात. माझ्या आजोळी ग्रामसभेत हात वर करायला लावायचे त्यातलाच प्रकार, फक्त इथे अख्खा माणूसच लागतो. आणि तेही समोरच्या घरातली बाई, मुलाची टीचर, गाडी दुरुस्त करतो तो माणूस, सगळ्यांच्या देखत. गुप्त मतदान वगैरे नागरिकशास्त्रात शिकलेलं सगळं दारात बुटांबरोबर झटकून आत जायचं.

तर कबुली अशी की गेलं वर्षभर घरात, ऑफिसात, फोनवर ओबामा ओबामा करणारी मी जिममध्ये शिरले आणि त्याच्या कोपऱ्यात गेलेच नाही. बास्केटबॉलच्या बोर्डाखाली एक छोटा कागद चिकटवला होता, "अनकमिटेड". म्हणजे अजून ठरलं नाही असे लोक. तिथे एक टोपीवाले आजोबा आणि दोन कॉलेजच्या मुली होत्या, मी चौथी.

नवरा पलीकडे बघ्यांच्या बाकावर लेकाला घेऊन बसला होता (त्याला अजून मत नाही, ग्रीन कार्डवर आहे), तो लांबून दोन्ही हात पसरून "हे काय?" असं विचारत होता. काय सांगणार लांबून.

गेल्या फेब्रुवारीत ओबामानं इलिनॉयमध्ये स्प्रिंगफील्डला, कडाक्याच्या थंडीत, उभा राहतोय म्हणून जाहीर केलं आणि त्याच दिवशी तो आमच्या सीडर रॅपिड्सला आला. पहिलाच मुक्काम आमचा! तेव्हा मी नागरिकसुद्धा नव्हते, शपथ नंतर उन्हाळ्यात झाली, पण गेले बघायला. आमच्या गावात क्वेकर ओट्सचा कारखाना आहे, वारा त्या बाजूचा असला की सगळ्या गावाला भाजक्या धान्याचा वास येतो, त्या वासात आम्ही रांगेत उभे. आणि तो बोलायला लागला. खरं सांगू, मला पुण्यात लहानपणी ऐकलेल्या गणेशोत्सवातल्या व्याख्यानांची आठवण झाली, म्हणजे विषय काय होता ते घरी आल्यावर सांगता येत नाही पण ऐकताना पाठ ताठ होते. बाप केनियाचा, आई कॅन्ससची, लहानपण हवाई आणि इंडोनेशियात, नाव बराक हुसेन ओबामा. पंधरा वर्षं इथे राहून माझं नाव लोक अजून तीन वेगवेगळ्या पद्धतीनं चुकवतात. हा माणूस असलं नाव घेऊन राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालाय ह्याचंच मला काहीतरी झालं.

पण मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. आणि शंका नेमकी तिथूनच सुरू झाली. त्याच्या विरुद्ध उभे हिलरी क्लिंटन आणि जॉन एडवर्ड्स, दोघांचंही म्हणणं की आरोग्य विमा सगळ्यांना सक्तीचा करायचा, ओबामाच्या योजनेत सक्ती फक्त मुलांपुरती, मोठ्यांना नाही, त्याचं म्हणणं स्वस्त केला की लोक आपणहून घेतील. अरे बाबा, नाही घेत! धडधाकट माणूस विमा घेत नाही, छातीत दुखायला लागल्यावर धावत येतो, आणि सगळे आजारीच आत आले की हप्ता वाढतो, मग उरलेले धडधाकटही बाहेर पडतात. हे मी रोज टेबलावर बघते, त्यासाठी हार्वर्डला जावं लागत नाही. दारावर आलेल्या त्याच्या कार्यकर्त्याला मी हे विचारलं तर तो गोड पोरगा (एकवीस-बावीसचा असेल, ओठ थंडीनं फुटलेले) म्हणाला मी माहिती काढून फोन करतो. फोन केलाही, पण आशेबद्दल बोलला. चहा पाजला त्याला, दुसरं काय.

त्यात जूनमधलं ते पंजाब प्रकरण. त्याच्या प्रचारातल्या लोकांनी हिलरीवर एक कागद फिरवला, तिच्या भारताशी असलेल्या संबंधांवर आणि भारतीयांकडून घेतलेल्या पैशांवर, आणि वर तिची ओळख अशी करून दिली की ही पंजाबची सेनेटर. म्हणजे आम्ही ह्या देशात टोमणा मारायच्या कामाचे? त्यानं नंतर माफी मागितली, मूर्खपणाची चूक झाली म्हणाला, आणि मी ती माफी घेतली पण ते कुठेतरी अडकून राहिलं. आणि अनुभवाचं काय? वॉशिंग्टनला सेनेटमध्ये जाऊन दोन वर्षं झाली आणि हे निघाले. इराक युद्धाच्या विरोधात 2002 मध्येच बोलला हे खरं, हिलरीनं तेव्हा युद्धाच्या बाजूनं मत दिलं हेही खरं, पण तेव्हा तो राज्याच्या सभागृहात होता, त्याला दिल्लीत, सॉरी, वॉशिंग्टनमध्ये हात वर करायचा नव्हता. काठावरून पोहायला शिकवणं सोपं असतं.

आमच्या इथल्या मराठी लोकांचं तर बोलायलाच नको. दिवाळीच्या पॉटलकला विषय निघाला तर एक काका म्हणाले हुशार आहे पण हा देश काळ्या माणसाला निवडून देणार नाही. इथपर्यंत ठीक, तो अंदाज झाला. पण पुढे ते स्वतःबद्दल बोलायला लागले, आणि जो शब्द वापरला तो मी इथे लिहीत नाही. तो शब्द पुरणपोळी खाता खाता आला. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. नंतर तीन दिवस स्वतःवर चिडचिड.

आईचा कल हिलरीकडे. "अगं बाई होतेय तर होऊ दे की, आपल्याकडे झाल्याच ना प्रतिभाताई!" मी म्हटलं आई, आपले राष्ट्रपती वेगळे आणि हे वेगळं, हिच्या हातात अणुबॉम्बची चावी असते. "मग तर बाईच बरी," आई म्हणाली. ह्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

बाबा मात्र ओबामाच्या बाजूला झुकले होते आणि कारण अगदीच देशी. ऑगस्टमध्ये तो म्हणाला ना, पाकिस्तानात लपलेल्या अतिरेक्यांची पक्की खबर मिळाली आणि मुशर्रफनं काही केलं नाही तर आम्ही करू. "हा बरा दिसतो," इति बाबा. पण गेल्या आठवड्यात पाकिस्तानात बेनझीर भुट्टो मारल्या गेल्या आणि टीव्हीवर सगळे एकच विचारायला लागले, अशा वेळी व्हाइट हाउसमध्ये नवखा माणूस परवडेल का? बाबांचाही सूर बदलला. "बोलतो छान. सत्त्याहत्तरला पण छानच बोलायचे सगळे."

बाबांचं सत्त्याहत्तर, म्हणजे आणीबाणीनंतरची ती निवडणूक, आमच्या घरात वर्षातून चारपाचदा तरी येतंच. पुलंची प्रचाराची भाषणं, पुण्यातून मोहन धारिया निवडून आले, इंदिराबाई रायबरेलीत पडल्या ती बातमी, रात्रभर रेडिओ, सकाळी मंडईत गुलाल. आणि मग अडीच वर्षांत सगळ्यांची आपसात मारामारी, 1979 च्या जुलैत मोरारजी गेले, आणि 1980 च्या जानेवारीत बाई परत. तेव्हापासून बाबा मत देतात, पण कुणाच्या सभेला गेलेले मी तरी पाहिले नाहीत.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या बोर्डाखाली उभी. जिममध्ये 212 माणसं मोजली. नियम असा की ज्या गटाला पंधरा टक्के नाहीत तो बाद, म्हणजे आमच्या इथे 32 डोकी पाहिजेत. आम्ही चार. बायडन, रिचर्डसनवाल्यांचीही तीच गत. मग अर्धा तास मिळतो, बाद गटातल्यांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी जायचं, आणि त्या अर्ध्या तासात आमच्या चौघांची जी वट वाढली म्हणता! एडवर्ड्सचा माणूस गिरण्या बंद पडल्याचं सांगतोय, हिलरीकडची बाई कुकीज घेऊन आली आणि म्हणाली तुला मुलगी असती तर? (मुलगा आहे हे तिला दिसत होतं, तो तिचीच कुकी खात होता.) टोपीवाले आजोबा म्हणाले मी 1968 मध्ये बॉबी केनेडीवर जीव लावला होता, त्याला प्रचारातच गोळी घातली, आता पुन्हा नको, आणि कोट चढवून सरळ घरी गेले. मला वाटलं आपणही जावं.

ओबामाच्या कोपऱ्यातून आमच्या गल्लीतली मुलगी आली, आमचं बर्फ काढायला येते ती. वय सतरा. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर कॉकसला येता येतं इथे. मी तिला विम्याचं सगळं ऐकवलं, उभ्या उभ्या, हप्त्यांच्या आकड्यांसकट. ती म्हणाली, "हो, ते मलाही पटत नाही. पण तिकडे उभं राहून भांडता येईल ना?"

गेले. घोषणा दिल्या नाहीत, स्टिकर कोटाला न लावता खिशात ठेवला. पुन्हा मोजलं तेव्हा गणित केलं, मी नसते गेले तरी आमच्या वॉर्डातून पक्षाच्या पुढच्या सभेला जाणारे ओबामाचे प्रतिनिधी तीनच आले असते.

रात्री टीव्हीवर आकडे आले. ओबामा 38 च्या आसपास, एडवर्ड्स 30, हिलरी 29, तीन नंबर! जिथे शंभरातले नव्वदहून जास्त लोक गोरे आहेत त्या राज्यात! तो स्टेजवर येऊन म्हणाला की हा दिवस कधी उजाडणारच नाही असं लोक म्हणत होते, आणि मी सोफ्यावर रडले, विमा बिमा सगळं विसरून. मग स्वतःचाच राग आला म्हणून शुक्रवारी तेच भाषण यूट्यूबवर आवाज बंद करून पाहिलं, नुसते हावभाव. तरी आवडलं. हे काही बरं लक्षण नाही.

भाषण संपल्या संपल्या पुण्याला फोन लावला, तिकडे सकाळचे साडेनऊ. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, जिम, आजोबा, कुकीज. मी म्हटलं बाबा, चुकलं का हो माझं? ते म्हणाले ते आत्ता कसं सांगू, अडीच वर्षं जाऊ देत. मग जरा थांबून विचारलं, "गर्दी होती का गं?" म्हटलं खूप, खुर्च्या कमी पडल्या. "गुलाल नसेल ना तिकडे."

नाही बाबा, गुलाल नव्हता.

मंगळवारी न्यू हॅम्पशायर राज्याची पाळी. स्टिकर अजून कोटाच्या खिशातच आहे.