कॅमेरामनला कॅमेऱ्यासमोर बसवताना

काकांनी स्वतःवरच्या माहितीपटाला होकार दिला तो एका अटीवर. "सूरसागर तलावाच्या काठावर मला पाठमोरा चालवायचं नाही. म्हातारा माणूस दिसला की तुम्ही लोक त्याला चालवता." माझ्या शॉटच्या यादीत पहिल्याच पानावर तेच होतं. खोडलं.

काका बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातले, ऐंशीच्या पुढचे. रावपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत उमेदवारी केली, मग हातात १६ मिलिमीटरचा कॅमेरा आला. कारखान्यांच्या फिल्म्स, धरणांच्या, डेअऱ्यांच्या, टीव्हीसाठी बातम्या, लग्नं, आणि उतारवयात व्हिडिओ. बडोद्याचा मराठी माणूस सिनेमावर बोलायला लागला की दोन मिनिटांत फाळक्यांवर येतो: दादासाहेब इथे कलाभवनात शिकले, सयाजीरावांनी ते १८९० साली सुरू केलं, वगैरे. मीही तिथूनच सुरुवात करणार होतो. काका म्हणाले, "फाळके मोठेच. पण माझ्या फिल्ममध्ये त्यांचं काय काम?" कलाभवनाची इमारतही यादीतून गेली.

मुलाखत घ्यायला बसलो की मात्र हाच माणूस सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलायचा. 'या क्षेत्रात कसे आलात' विचारलं की गुरूंचे आभार, आईवडिलांची पुण्याई, झालंच तर रसिकांचं प्रेम. मध्येच थांबून मलाच सांगायचे, "खिडकी माझ्या पाठीमागे घेतलीस, चेहरा काळा पडणार." एकदा तर उठून कपाटातून स्वतःचा लाइट मीटर आणला, हनुवटीखाली धरला, त्याची पांढरी घुमटी माझ्या लेन्सकडे वळवली आणि आकडा वाचून दाखवला. मी प्रकाशयोजना बदलली. भाषण काही बदललं नाही.

मग मी आयुष्याबद्दल विचारणंच बंद केलं. त्यांचा जुना बोलेक्स कॅमेरा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, फिल्म कशी भरायची ते दाखवा. काका पार वेगळ्या आवाजात बोलायला लागले. बोलेक्सला चावी असते. पूर्ण भरली की सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने साधारण २८ सेकंद चालते, मग पुन्हा भरायची. शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. बातम्यांना बहुतेक वेळा रिव्हर्सल फिल्म वापरायची. तिला निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन प्रोजेक्टरवर चढते. ओरखडा पडला की पडला. म्हणून प्रत्येक रीळ भरण्याआधी गेट, म्हणजे लेन्समागची फिल्म सरकते ती खाच, उघडून केस किंवा कण अडकलाय का ते बघायचं. सांगता सांगता त्यांनी रिकाम्या गेटवर दोनदा फुंकर मारली. ती माझ्या फिल्ममध्ये आहे.

त्या दिवशी लग्नांचा विषय निघाला. सत्तरच्या दशकात हौशी आणि पैसेवाली घरं १६ मिलिमीटरवर लग्न काढून घ्यायची. "अंतरपाट एकदाच खाली जातो, रीटेक नाही. त्यामुळे भटजींवर कान ठेवायचा. शेवटच्या आधीचं मंगलाष्टक चालू असताना चावी पूर्ण भरून घ्यायची. 'तदेव लग्नं' सुरू झालं की हात चावीवरून बाजूला, बोट बटणावर. 'सावधान'च्या जरा आधी दाबायचं. मग २८ सेकंदांत अक्षता, हार, आईच्या डोळ्यातलं पाणी, सगळं बसतं." धरणांवरच्या फिल्म्सबद्दल त्यांनी मला तासन्‌तास सांगितलंय, पण त्यांची कारागिरी कळली ती इथे. काकांना हे पटलं नाही. लग्नं म्हणजे पोटापाण्याचं काम, ते वगळ, असा हेका. मी वाद घातला. चिडले की काका गुजरातीत जातात: "हवे बस कर." मी बस केलं, पण वगळलं नाही.

रिळांचं काम या सगळ्याहून किचकट. लोखंडी कपाटातले डबे उघडले तर काहींतून व्हिनेगरसारखा भपकारा. ॲसिटेटची फिल्म दमट-उष्ण हवेत कुजायला लागली की ॲसिटिक आम्ल सुटतं, आणि त्याने कुजणं आणखी जोर धरतं. बडोद्याची हवा त्याला अगदी पोषक. असले डबे आधी वेगळे काढायचे. आणि कितीही मोह झाला तरी जुन्या प्रोजेक्टरवर फिल्म चढवून बघायची नाही, कारण आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांशी जुळत नाहीत आणि ती फाटते. दात्यांशिवाय फिल्म ओढणारा स्कॅनर लागतो. त्यासाठी रिळं मुंबईला पाठवली. खर्च निम्मा मी केला, निम्मा काकांच्या मुलीने. अनुदानाच्या अर्जांबद्दल न लिहिलेलं बरं.

आवाजाचं एवढंच सांगतो: मे महिन्यात पंखा बंद करून म्हाताऱ्या माणसाला बसवू नका. शूटिंग थंडीत ठेवा.

संकलनात परवानग्यांचा प्रश्न आला. धरणावरच्या गर्दीचं कुणी काही म्हणत नाही, पण लग्न हे घरातलं. डब्यांवर गुजराती अक्षरात नुसती आडनावं. त्यावरून घरं शोधायची म्हणजे दांडिया बाजारात चहा पीत फिरायचं. एका घरी फिल्म बघून सगळे हरखले, पण दोघा भावांचं पटत नाही म्हणून सही मिळाली नाही. दुसऱ्या घरी नवरीच्या आता आजी झालेल्या बहिणीने स्पष्ट नकार दिला, कारण सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

परवानगी मिळाली ती एकाच लग्नाची, आणि त्यात काकांची चावी 'सावधान'च्या आधीच संपलेली आहे. अंतरपाट धरलेला दिसतो, चित्र पांढरं होतं, आणि एकदम हार घातलेले नवरानवरी. काका म्हणतात त्या भटजींनी एक अष्टक गाळलं. माहितीपटात तोच तुकडा ठेवलाय, आणि त्याच्यावर काकांचा हा खुलासाही, त्यांच्याच आवाजात, त्यांच्या आग्रहावरून.