शिकाऊ मुलीला मी सांगितलेले काम

गेल्या महिन्यात इथे जर्मनीत, माझ्या ऑफिसात घडलेला एक प्रसंग अजून माझ्या मनातून जात नाही. आमच्या विभागात सतरा वर्षांची एक मुलगी मेकाट्रॉनिक्सची (यंत्रे, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकवणाऱ्या व्यवसायाची) आउसबिल्डुंग, म्हणजे आपल्या भाषेत उमेदवारी, करते आहे. त्या दिवशी ती थोडा वेळ रिकामी दिसली, म्हणून मी तिला जुन्या फायलींची सहा-सात खोकी तळघरात नेऊन ठेवायला सांगितले. तिने ती निमूटपणे नेली. दुपारी तिचे प्रशिक्षक माझ्या टेबलाशी आले आणि अतिशय सौम्य शब्दांत म्हणाले की, हे काम तिला सांगायला नको होते. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी इथल्या व्यावसायिक प्रशिक्षण कायद्यातले चौदावे कलम उघडून दाखवले. शिकाऊ उमेदवाराला प्रशिक्षणाच्या हेतूला धरून असलेले आणि त्याच्या शारीरिक ताकदीला झेपेल असेच काम देता येते, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

मला आधी रागच आला. मोठ्यांनी सांगितलेले काम लहानांनी करावे, त्यात कसला कमीपणा, हे ऐकतच आपण वाढलो आहोत, आणि ते मला आजही चुकीचे वाटत नाही. पण घरी जाताना श्टुटगार्टच्या लोकलमध्ये बसल्यावर दादा आठवला, आणि राग ओसरला.

दहावीला चांगले गुण असूनही दादा नाशिकमध्ये आयटीआयला गेला, कारण घरात दोघांच्या शिक्षणाला पुरतील एवढे पैसे नव्हते आणि इंजिनीअर व्हायची माझी हौस सर्वांना ठाऊक होती. दोन वर्षे फिटरचा ट्रेड करून तो सातपूरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. त्या वर्षातले कितीतरी महिने त्याने लेथखालचा चुरा उचलण्यात, स्टोअरमधून माल आणण्यात आणि साहेबांच्या खोलीत चहा पोचवण्यात घालवले. रात्रपाळीचे एक वयस्कर ऑपरेटर सुपरवायझर नसताना त्याला मशीनवर उभे करत, आणि जे काही तो शिकला ते त्यांच्या कृपेने. विद्यावेतन वेळेवर मिळाले, प्रमाणपत्रही मिळाले. ते वर्ष मात्र त्याचे नव्हते, मालकाचे होते.

मला इथे कौतुक वाटते ते या एकाच गोष्टीचे, आणि ते यंत्रांचे नाही. यंत्रे पिंपरीलाही आहेत. इथे शिकणाऱ्याचा वेळ शिकण्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि त्यावर पहारा असतो. मेकाट्रॉनिक्सची उमेदवारी साडेतीन वर्षांची. आठवड्याचे एक-दोन दिवस, किंवा सलग काही आठवडे, सरकारी व्यवसाय शाळेत आणि उरलेला काळ कंपनीत. आज काय केले, काय शिकले, याची नोंदवही प्रत्येक मुलाने ठेवायची, तीही कामाच्या वेळेत, आणि तिच्यावर प्रशिक्षकाने सही करायची. ती वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग आणि व्यापार मंडळ घेते. परीक्षक मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने बसतात, शिवाय व्यवसाय शाळेचा निदान एक शिक्षक असतो. परीक्षेचे दोन भाग, पहिल्याला 40 टक्के आणि दुसऱ्याला 60 टक्के वजन. माझी खोकी त्या मुलीला तिच्या वहीत कुठल्या शीर्षकाखाली लिहिता आली असती? प्रशिक्षकांनी मला नेमके हेच विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरीही सगळे श्रेय जर्मनांना देऊन टाकणाऱ्यांशी मी वाद घालते. त्यांचा हा कायदा 1969 चा; आपला शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा, म्हणजे आठ वर्षे आधीचा. त्यांच्याकडे कारागीर संघांची कित्येक शतकांची परंपरा होती हे खरे, पण काय करायला हवे हे आपल्यालाही कळत होते. हाताने काम करत शिकण्याचे म्हणाल तर शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आणि शाळा सुटलेली गावची मुले तिथे वेल्डिंग, वीजजोडणी, शेती आणि बांधकाम शिकता शिकता लोकांच्या उपयोगाच्या खऱ्या वस्तू करू लागली. इथल्या सहकाऱ्यांना मी पाबळची गोष्ट नेहमी सांगते, आणि ते मन लावून ऐकतात.

इथली एक गोष्ट मला मुळीच पटत नाही. चौथीनंतर, म्हणजे मूल जेमतेम दहा वर्षांचे असताना, शाळा त्याच्या पुढच्या वाटेची शिफारस करते. माझा मुलगा आता तिसरीत आहे आणि त्याने गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जावे अशी माझी इच्छा आहे. आउसबिल्डुंगचे एवढे गुण गाणाऱ्या बाईने असे म्हणावे, यावर माझी जर्मन शेजारीण आश्चर्य करते. परक्या देशात आपल्या मुलासाठी सर्वांत जास्त दारे उघडी असावीत असे कोणत्याही आईला वाटणारच, असे मी तिला सांगते, आणि मला ते रास्त वाटते.

महाराष्ट्र शासन आणि आमचे हे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात 2024 साली कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून गावाकडून फोन वाढले आहेत. मी प्रत्येकाला पहिली गोष्ट भाषेची सांगते, कारण व्यवसाय शाळेतला तास, ती नोंदवही आणि परीक्षेचा पेपर हे सगळे जर्मनमध्येच असते, आणि हात कितीही तयार असला तरी प्रश्न समजला नाही तर तो हात चालत नाही.

रविवारी दादाला हे सगळे फोनवर सांगितले. आता अंबडला त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे. ते कलम त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

"अगं, मग तो चुरा उचलतं कोण?" त्याने विचारले.

"ज्याचा त्याने. प्रत्येक जण आपापला बाक साफ करतो, माइस्टर म्हणजे मुख्य कारागीरसुद्धा."

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने त्या मुलीच्या कामाची चौकशी केली, आणि पहिल्या वर्षी तीसुद्धा लोखंडाचा तुकडा कानशीने घासून, काटकोन तपासायला गुण्या लावून, उजेडाकडे धरून बघते, हे ऐकून त्याचा आवाज बदलला.

"किती मापात आणते?"

"मिलिमीटरच्या दहाव्या भागात."

"तेवढं आम्हीही आणायचो," दादा म्हणाला.