आंबेमोहराचं नाव कोण राखणार?

पुण्यातल्या किराणा दुकानात आंबेमोहर मागितला तर "संपला" असं उत्तर क्वचितच मिळतं. मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यात हा तांदूळ पिकतो मात्र थोडाच. रोप उंच, त्यामुळे दाणा भरताना जोराचा पाऊस-वारा आला की पीक आडवं पडतं. उतारा कमी. दाणा नाजूक असल्याने भरडताना कणी जास्त निघते. बऱ्याच शेतकऱ्यांनी इंद्रायणी धरली. तीही याच घरातली, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-157 आणि आयआर-8 (जास्त उताऱ्याचा बुटका वाण) यांच्या संकरातून काढलेली, 1987 साली आलेली. आंबेमोहराचं क्षेत्र घटलं, पण दुकानातली त्याची पोती घटली नाहीत. मधली जागा जवाफूल, जिरेसांबर अशा बाहेरच्या आखूड दाण्याच्या तांदळांनी भरली. हे तांदूळ चांगले आहेत आणि त्यांना स्वतःची नावं आहेत. ती झाकून वर आंबेमोहराची चिठ्ठी लावली की मुळशीचा शेतकरी आणि पुण्याचं गिऱ्हाईक, दोघांचंही नुकसान होतं. खऱ्या आंबेमोहराचा भाव पडतो आणि तो लावणारा आणखी एक शेतकरी कमी होतो.

म्हणून मुलखाच्या नावाला कायद्याचं संरक्षण हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कायदा आहेही. भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 चा, अंमल 15 सप्टेंबर 2003 पासून, आणि पहिली नोंद दार्जिलिंग चहाची. आंबेमोहराला मानांकन आहे, पुरंदरच्या अंजिराला आहे, कोल्हापुरी गुळाला आहे. ट्रेडमार्क एका दुकानाचा असतो, विकता येतो. मानांकन त्या भागातल्या उत्पादकांचं मिळून असतं, ते कोणाला विकता येत नाही की गहाणही ठेवता येत नाही. ही तरतूद मला या कायद्यातली सगळ्यात मोलाची वाटते.

अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. फी मालाच्या वर्गागणिक. सोबत उत्पादकांची यादी, भागाचा नकाशा, जुने पुरावे, उत्पादनाची पद्धत आणि तपासणी कोण करणार त्याची व्यवस्था. अर्ज लंगडा पडतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, नकाशा. सगळ्यांना खूश करायला हद्द वाढवत नेली की जमीन-हवामानाचा दाखलाच उरत नाही. दोन, गुणवर्णन. "अप्रतिम चव, मोहक सुगंध" हे तपासता येत नाही. दाण्याची लांबी-रुंदी, अमायलोजचं (दाण्यातल्या स्टार्चच्या एका प्रकाराचं) प्रमाण, शिजायला लागणारा वेळ, किती महिन्यांच्या साठवणीत वास उतरतो, हे लिहावं लागतं. मग तज्ज्ञांची छाननी, कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि हरकतीसाठी तीन महिने, वाढवून चार. नोंद दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

आणि इथेच बहुतेक ठिकाणी काम थांबतं. प्रमाणपत्र येतं, सत्कार होतो, बातमी छापून येते. पण नाव वापरण्याचा हक्क मिळण्यासाठी प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची असते. त्याची फी 2020 मध्ये 500 वरून 10 रुपयांवर आणली. अडचण पैशाची राहिलेली नाही. शेतकऱ्याकडून अर्ज भरून घेणारं, सातबारा जोडणारं माणूस गावात नसतं, ही खरी अडचण. वापरकर्त्यांची यादीच तोकडी असेल तर खोट्या मालाविरुद्ध उभं कोण राहणार?

शिक्षा कागदावर कडक आहे: खोटं मानांकन लावल्यास किंवा तसा माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. पण झडती-जप्ती पोलिस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायची, आणि त्याआधी मानांकनाच्या नोंदणी कार्यालयाचा प्रमुख असलेल्या निबंधकाचं मत घ्यायचं. कापडाच्या बाबतीत हे चालेल. हापूसचं काय करायचं? 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या नावावर हापूस नोंदला गेला. कर्नाटकातलं कलमही जातीने हापूसच असतं, त्यामुळे विक्रेता फळाच्या जातीबद्दल खोटं बोलतच नाही. खोटी असते ती पेटीवरची "देवगड" ही अक्षरं. एप्रिलमध्ये तक्रार केली आणि मत यायला काही आठवडे गेले, तर पुरावा खाऊन किंवा सडून संपलेला असतो. नाशवंत मालासाठी ही पूर्वपरवानगी काढून, नमुना आणि छायाचित्र घेऊन लगेच कारवाईची मुभा द्यायला हवी.

प्रयोगशाळा हे सोडवेल असं अनेकांना वाटतं. डीएनए तपासणी वाण सांगते, पण तो कुठे पिकला ते सांगत नाही. ते समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) चाचणीतून काही अंशी कळतं. ती महाग असते आणि तुलनेसाठी त्या भागातल्या नमुन्यांचा संग्रह आधी हाताशी लागतो. तांदळासाठी त्याहून स्वस्त उपाय हिशेबाचा आहे. पीक पाहणीत नुसतं "भात" न लिहिता वाण नोंदवायचा. एकरी 8 क्विंटल भात धरला आणि भरडून 60 टक्के तांदूळ निघाला, तर एका एकराचा तांदूळ 4.8 क्विंटल. ज्याच्या नावावर एक एकर आहे तो 10 क्विंटल आंबेमोहर विकत असेल तर उरलेला कुठून आला, हे गिरणीच्या वहीवरून विचारता येतं. हापूसला हाच हिशेब झाडांच्या संख्येवर बसतो. देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर आणला, ती दिशा बरोबर आहे. स्टिकर झाडांच्या प्रमाणात मोजून दिले तरच त्याला अर्थ, नाहीतर स्टिकरचाच बाजार होईल.

मिसळ, मस्तानी, बाकरवडी यांना मात्र मानांकन मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आंबेमोहराचा वास जमीन, हवा आणि वाण यांच्या जोडीतून येतो. मिसळीचा कट मात्र सोलापुरातही तितकाच चांगला होऊ शकतो. बंगालला 2017 मध्ये आणि ओडिशाला 2019 मध्ये रसगुल्ल्याची वेगवेगळी नोंद मिळाली, त्यात वर्षं गेली. आपल्याच बेकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जाणाऱ्या श्रूजबेरी बिस्किटाला नाव इंग्लंडमधल्या गावाचं आहे. त्या गावाने हक्क सांगितला असता तर पुण्याला नवं नाव शोधावं लागलं असतं. पदार्थाच्या कृतीला कुंपण घालणं आपल्यालाही परवडणारं नाही.

तांदूळ घेताना दाणा बघा: आंबेमोहराचा आखूड, इंद्रायणीचा लांब. वास पिशवी उघडताच भपकन येऊन धुतल्यावर उडाला तर वरून अर्क लावल्याचा संशय घ्या. अस्सल तांदळाचा वास शिजताना खुलतो. पिशवीवर अधिकृत वापरकर्त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, आणि बिलावर नुसतं "तांदूळ" न लिहिता "आंबेमोहर" लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर पहिला पुरावा ते बिलच.