१९५ जण आणि कधीच न चाललेला खटला

१६ डिसेंबर आला की सगळ्या ग्रुपवर तो फोटो फिरतोच, पाकिस्तानी जनरल नियाझी सही करतोय, शेजारी आपले जनरल अरोरा बसलेत, आणि खाली '९३ हजार पाकिस्तानी सैनिकांची शरणागती'. (त्या ९३ हजारांत नागरी लोकही होते, पण फॉरवर्ड करणाऱ्याला कोण सांगणार.) पुढे त्या कैद्यांचं काय झालं हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मला त्यातल्या, युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेल्या १९५ जणांबद्दल लिहायचंय.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्कराची ऑपरेशन सर्चलाइट ही कारवाई सुरू झाली, ढाका युनिव्हर्सिटीत घुसून प्राध्यापक आणि पोरं मारली, तिथून नऊ महिने कत्तल, बलात्कार, गावंच्या गावं जाळणं चालू होतं. हरल्याचं दिसायला लागल्यावर, म्हणजे शरणागतीच्या अगदी दोन दिवस आधी, डॉक्टर, पत्रकार, प्रोफेसर असे निवडून निवडून घरातून उचलले आणि ढाक्यातल्या रायेर बाजारला नेऊन मारले. एकूण किती माणसं गेली यावर आजही भांडणं होतात, मी त्यात पडत नाही.

आता बघा, युद्धगुन्हे म्हटलं की आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं की जिंकणारा ठरवेल तो गुन्हा, व्याख्याच कुठे आहे. १९७१ मध्ये व्याख्या होती हो. नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला होऊन २५ वर्षं झाली होती, १९४८ चा जेनोसाइड (वंशसंहार) करार होता, १९४९ चे जिनिव्हा करार होते आणि पाकिस्तानने या करारांवर सह्याही केलेल्या. जिनिव्हा करार म्हणतो की लढाई थांबली की युद्धकैदी विनाविलंब सोडा, पण ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे त्याला निकाल लागेपर्यंत ठेवता येतं. जेनोसाइड करार तर सरळ सांगतो की गुन्हा जिथे घडला त्या देशाच्या कोर्टात खटला चालवा. म्हणजे कायदा होता, साक्षीदार होते, आणि आरोपी भारताच्या छावण्यांत होते. युद्धगुन्ह्यांच्या बाबतीत आरोपी हातात असणं हीच सगळ्यात दुर्मिळ गोष्ट असते!

बांगलादेशने आधी बऱ्याच मोठ्या संख्येची भाषा केली आणि मग यादी छाटत छाटत एप्रिल १९७३ मध्ये १९५ वर आणली. जुलैमध्ये त्यासाठी घटना दुरुस्त केली आणि इंटरनॅशनल क्राइम्स ट्रायब्युनल्सचा स्वतंत्र कायदाही केला. पाकिस्तानने मे महिन्यातच हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात भारताविरुद्ध केस टाकली होती, आणि त्यांचं म्हणणं वाचण्यासारखं आहे, की या लोकांवर खटला चालवायचा हक्क फक्त आमचा. बरं, चालवला का मग? छे.

कारण खरा खेळ कोर्टात नव्हताच. पाकिस्तानात बंगाली सरकारी नोकर, सैनिक, त्यांची बायकापोरं अडकलेली होती आणि पाकिस्तानचे प्रमुख भुट्टोंनी उघड धमकी दिली की तुम्ही आमच्यावर खटले चालवलेत तर आम्ही यांच्यावर चालवू. ऑगस्ट १९७२ मध्ये चीनने व्हेटो वापरून बांगलादेशला युनोत येऊ दिलं नाही. नव्या देशाची तिजोरी रिकामी, मुस्लिम देशांची मान्यता हवी, आणि भारतालाही एवढे कैदी पोसत बसायचे नव्हते. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात बाकीचे कैदी परत पाठवायचं ठरलं, १९५ जण तेवढे मागे राहिले. फेब्रुवारी १९७४ मध्ये लाहोरच्या इस्लामी परिषदेच्या वेळी पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली, आणि ९ एप्रिलला दिल्लीत भारताचे स्वर्णसिंग, बांगलादेशचे कमाल हुसेन आणि पाकिस्तानचे अझीझ अहमद यांनी त्रिपक्षीय करारावर सह्या केल्या. करारातला मजकूर असा, काही गुन्हे घडले असतील तर त्याबद्दल पाकिस्तानला खेद आहे, आणि बांगलादेश दयाबुद्धीने खटले सोडून देतोय. 'असतील तर' हं! १९५ जण घरी गेले.

बांगलादेशचे तेव्हाचे पंतप्रधान मुजीब यांना मी दोष देणार नाही, अडकलेली माणसं जिवंत परत आणायची तर दुसरं काय करणार होते ते. पण निदान आधी खटला आणि मग माफी असं तरी व्हायला हवं होतं असं मला वाटतं, म्हणजे साक्षी नोंदल्या गेल्या असत्या, कोणी कुठे काय हुकूम दिला ते कागदावर आलं असतं. इथे गुन्हा शाबित व्हायच्या आधीच माफी झाली, म्हणून आजही कोणीही उठून म्हणतं की असं काही घडलंच नव्हतं. १९७१ च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानच्या स्वतःच्या हमूदुर रहमान आयोगाने काही जनरल्सवर खटले चालवा असं सुचवलं होतं, तो रिपोर्ट २००० सालापर्यंत कपाटात बंद. मार्चमध्ये ढाक्यात कमांडवर असलेले टिक्का खान तर १९७२ मध्ये तिकडचे लष्करप्रमुखसुद्धा झाले.

तो १९७३ चा कायदा मात्र मेला नाही. २०१० मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी त्याच्याखाली ट्रायब्युनल बसवलं, पण पिंजऱ्यात उभे राहिले ते स्थानिक साथीदार, मुख्यतः जमात-ए-इस्लामी पक्षाचे नेते, २०१३ मध्ये त्यातल्या कादर मुल्लाला फाशी झाली, आणि मध्येच एका न्यायाधीशाचं स्काइपवरचं बोलणं बाहेर येऊन त्याला राजीनामा द्यावा लागला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्याच कायद्याखालच्या ट्रायब्युनलने २०२४ च्या आंदोलनातल्या हत्यांसाठी खुद्द हसीनांना, त्या भारतात असताना, फाशी सुनावली. आता भारत त्यांना परत पाठवणार का, हा प्रश्न पुन्हा दिल्लीच्याच टेबलावर आलाय, आणि उत्तर कायद्याची पुस्तकं उघडून दिलं जाईल असं मला तरी वाटत नाही.