रायझन १६०० चा जुना संच: नवा घ्यावा की आहे तोच वाढवावा? कामाची नोंद

२०१७ साली जुळवलेल्या या संगणकात रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. त्या काळच्या खेळांना १०८०पी मॉनिटरवर हा संच पुरून उरत असे. आता काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दोन-तीन खेळाडू एकदम समोर आले आणि धुराचे गोळे फुटले की चित्र अडखळते, तर सायबरपंक २०७७ मध्ये गाडी वेगाने चालवली की रस्त्यावरच्या वस्तू उशिरा उमटतात. त्यातच विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत. त्यामुळे काही ना काही करणे भागच होते. संपूर्ण नवा संच घ्यावा, असे जवळच्या बहुतेकांचे मत पडले. मला मात्र ते मोजणी केल्याशिवाय पटणार नव्हते.

मोजणी

आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजणीची सॉफ्टवेअर लावून खेळताना कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक धाग्यावरचा (थ्रेडवरचा) भार, रॅमचा वापर आणि फ्रेमला लागणारा वेळ पडद्यावर ठेवला. केवळ सरासरी एफपीएस (सेकंदाला उमटणाऱ्या फ्रेम) पाहून निर्णय घेणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण सरासरी ६० दिसत असतानाही सर्वांत मंद १ टक्का फ्रेम २५ च्या आसपास रेंगाळत असतील, तर डोळ्यांना जाणवते ते हे रेंगाळणेच. कार्डाचा वापर वरचेवर ६० ते ७० टक्क्यांवर घसरत होता, म्हणजे कार्ड कामाची वाट पाहत बसले होते. प्रोसेसरचा एकूण वापर मात्र जेमतेम निम्मा दिसे आणि त्यामुळे तो निर्दोष वाटे. बारा धाग्यांच्या प्रोसेसरमध्ये खेळाचा मुख्य धागा एकाच ठिकाणी पूर्ण भरलेला असला, तरी एकूण आकडा निम्माच राहतो. म्हणून धागे वेगवेगळे पाहावे लागतात. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणले. कार्डावरचा भार निम्म्याहून कमी झाला, पण फ्रेम फारशा वाढल्या नाहीत. दोष प्रोसेसर आणि रॅम यांच्या बाजूचा आहे, हे त्यातून ठरले.

अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, त्यामुळे उष्णतेमुळे वेग कमी होतो आहे का, हेही तपासणे आवश्यक होते. जीटीएक्स १०६० हे ८३ अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग उतरवू लागते. कॅबिनेट उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली आणि पुढच्या पंख्याला जाळी बसवली. तापमान लक्षणीय उतरले, पण चित्राचे अडखळणे जसेच्या तसे राहिले. हे काम जवळजवळ फुकटात होते, आणि ते केल्याशिवाय कोणीही सुटे भाग विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅम आणि एसएसडी

एकाच पट्टीमुळे रॅम सिंगल चॅनलमध्ये चालत होती, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय, बंद असल्यामुळे तिचा वेगही २१३३ वरच अडकलेला होता. रायझनच्या बाबतीत याचा फटका दुहेरी बसतो. पहिल्या पिढीच्या या प्रोसेसरमध्ये सहा गाभे (कोर) तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले असून प्रत्येक गटाला स्वतंत्र ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) आहे. एका गटातील माहिती दुसऱ्याला हवी असली की ती इन्फिनिटी फॅब्रिक या अंतर्गत जोडणीतून जाते, आणि त्या फॅब्रिकचा वेग रॅमच्या घड्याळाला बांधलेला आहे. रॅम मंद म्हणजे गाभ्यांमधला संवादही मंद.

रॅमच्या किमतीने या नोंदीतला सर्वांत मोठा निर्णय जवळपास एकट्याने फिरवला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की २०२५ च्या अखेरीस किमती झपाट्याने चढल्या, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) डीडीआर५ शिवाय दुसरी रॅम चालतच नाही. म्हणजे नवा संच घ्यायचा तर बोर्ड, प्रोसेसर आणि महागलेली रॅम हे तिन्ही एकदम घ्यावे लागणार, आणि एवढा खर्च करूनही कार्ड जुनेच राहणार. डीडीआर४ सुद्धा स्वस्त राहिलेली नाही, पण जुन्या बाजारात ती मिळते. ८ जीबीच्या दोन ३२०० च्या पट्ट्या वापरलेल्या घेतल्या आणि मेमटेस्टवर रात्रभर तपासूनच कायम केल्या. जुना प्रोसेसर त्यांना ३२०० वर स्थिर चालवू शकला नाही. २९३३ वर त्या निमूट चालल्या. तेवढ्यानेच सर्वांत मंद १ टक्का फ्रेमांचा वेग तिशीच्या पुढे गेला.

एसएसडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सायबरपंकच्या किमान गरजांमध्ये २०२३ पासून एसएसडी आहेच, आणि वस्तू उशिरा उमटण्याचे कारणही ही मंद हार्ड डिस्कच होती. बोर्डावर एम.२ ची जागा असल्यामुळे एनव्हीएमई (जलद प्रकारची एसएसडी) घेतली, पण ज्यांच्या बोर्डावर ती नाही, त्यांनी साधी साटा एसएसडी घेतली तरी खेळ उघडण्याच्या वेळात जाणवण्याजोगा फरक क्वचितच पडेल.

प्रोसेसर आणि बायोस

एएम४ सॉकेटच्या दीर्घायुष्यामुळेच हा संच वाचला. एएमडीने २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० चालवण्याची अधिकृत वाट मोकळी केली, त्यामुळे २०१७ च्या बोर्डावर पाच वर्षांनी आलेला प्रोसेसर बसू शकतो. ९६ एमबी कॅशचा ५८००एक्स३डी मनात भरला होता, परंतु त्याची मर्यादा १०५ वॅटची, आणि माझ्या बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) साधा हीटसिंकही नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात असे बोर्ड तासन्‌तास राबवणे मला योग्य वाटले नाही. स्वस्त ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी, आणि तीही सहाही गाभ्यांना सामाईक. खेळांमध्ये ही कॅशच कामी येते, म्हणून ६५ वॅटचा ५६०० ठरवला.

बायोस बदलण्याचे काम जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करावे लागते. माझ्या बोर्डाला थेट शेवटची आवृत्ती चालत नव्हती. आधी एक मधली आवृत्ती टाकावी, अशी सूचना निर्मात्याच्या पानावर होती. अनेक बोर्डांवरील बायोसची चिप १६ एमबीची असल्यामुळे नव्या आवृत्तीत काही जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो आणि मागे फिरण्याचा मार्ग बंद होतो. तेव्हा यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. वीज मधेच गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. खेळताना पाच मिनिटेही न टिकणारा ६०० व्हीएचा यूपीएस या कामाला पुरेसा ठरतो, कारण बायोसमध्ये असताना संगणक अगदी थोडी वीज घेतो. बायोसमधल्या एजीसा या एएमडीच्या कोडची १.२.०.७ किंवा त्यापुढची आवृत्ती निवडावी, कारण एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-सोयीमुळे) येणारे अधूनमधूनचे अडखळणे त्या आवृत्तीत दूर केलेले आहे.

कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करून घेतली आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच फिरवत सोडवला. एएम४ मध्ये टाचण्या प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलरसोबत प्रोसेसरच उपटून आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ५६०० सोबत छोटा रेथ स्टेल्थ कूलर येतो. १६०० सोबतचा रेथ स्पायर त्याहून दणकट असल्यामुळे तोच पुन्हा बसवला. पहिल्यांदा सुरू करताना एफटीपीएम नव्याने घडवण्याची परवानगी विचारली जाते. ज्यांनी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलेले असेल, त्यांनी आपली रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. जुनी विंडोज डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची असेल तर एमबीआर२जीपीटी हे विंडोजमधलेच साधन तिचे रूपांतर करते, आणि मग सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून सिक्युअर बूट सुरू करता येते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना हे टाळता येणार नाही.

निकाल समाधानकारक आहे. रॅम आता ३२०० वर स्थिर आहे, काउंटर-स्ट्राइकमधले अडखळणे गेले आहे, आणि सायबरपंकमध्ये कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकतो. वाट पाहण्याची पाळी आता प्रोसेसरवर आली आहे.

सगळ्यांनाच हे लागू नाही

माझ्या चुलतभावाकडे चौथ्या पिढीचा आय५, एच८१ बोर्ड आणि डीडीआर३ रॅम आहे. त्या सॉकेटवर पुढचे पाऊल म्हणजे जुन्या बाजारातला आय७ ४७९०, आणि विंडोज ११ ला तोही मान्य नाही. तेथे मी पैसे न घालण्याचाच सल्ला दिला. वापरलेला एएम४ बोर्ड, ५६०० आणि डीडीआर४ घेऊन जुने कॅबिनेट तेवढे ठेवावे, असे आमचे ठरले आहे.

कार्डाचा प्रश्न

एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेचे नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून, यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरत्या सुधारणा मिळतील. डूम: द डार्क एजेससारखे खेळ हार्डवेअर रे ट्रेसिंग नसेल तर चालतच नाहीत. कार्ड बदलावे लागणार, हे निश्चित. आरएक्स ६६०० ला ४५० वॅट पुरतात, पण ते पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातील जोडणीच्या) आठच लेन वापरते, आणि बी३५० वर त्या ३.० वेगाच्या असल्यामुळे ८ जीबी मेमरी भरली की ताण जाणवेल. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० सोळाही लेन वापरते, मात्र त्याला ५५० वॅटची शिफारस आहे आणि माझा एसएमपीएस ४५० वॅटचाच आहे. वापरलेले ३०६० घेताना सप्टेंबर २०२२ पूर्वी ते इथेरियमच्या खाणकामात राबलेले नाही ना, हेही विचारून, अर्धा तास भार देऊन आणि पंख्यांचा आवाज ऐकून मगच व्यवहार करीन.

माझा कल ३०६० कडे आहे, त्यामुळे क्रम ठरला: आधी ५५० वॅटचा नवा एसएमपीएस, नंतर कार्ड. तोवर सायबरपंक एफएसआर या, कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणाऱ्या तंत्राच्या ‘क्वालिटी’ पर्यायावर आणि गर्दीची घनता मध्यम ठेवून खेळतो आहे. एनव्हिडियाचे तसेच तंत्र डीएलएसएस जीटीएक्स १०६० वर चालत नाही, एफएसआर चालते.