सोनखत

हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आल्याला चार महिने झाले. फोटो टाकून झाले, किन्नौरचे जर्दाळू नातेवाइकांत वाटून झाले. 'की' गावचा गोंपा म्हणजे बौद्ध मठ, चंद्रताल सरोवर आणि चिचमच्या पुलाबद्दल इतरांनी इतकं लिहून ठेवलंय की त्यात मी भर घालण्यात अर्थ नाही. मी संडासाबद्दल लिहिणार आहे. जेवताना मोबाइल बघायची सवय असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं.

आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी आतेबहीण. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून ताई. मनालीकडून कुंझुमची खिंड ओलांडून एका दिवसात काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, गाठता येतं, पण एकदम एवढ्या उंचीवर गेलं की डोकं धरून बसावं लागतं म्हणतात. म्हणून शिमल्याकडून निघालो. सराहन, कल्पा, नाको, असे मुक्काम करत गेलो. त्या पाच दिवसांबद्दल एवढंच सांगते की सतलजच्या कड्यावरचा रस्ता ताईने डोळे मिटून, रामरक्षा म्हणत पार केला आणि मी उघड्या डोळ्यांनी केला. कोण शहाणं ते अजून ठरलेलं नाही.

आमचा मुक्काम लांगझा गावात होता. ते काझाच्या वर आहे, वळणावळणाने तासाभरात पोचतो. उंची सुमारे ४,४०० मीटर. मोजकी मातीची घरं, सपाट धाब्यांवर वाळत घातलेला चारा, गावाच्या टोकाला बुद्धाची मोठी मूर्ती आणि मागे ६,३०३ मीटरचं चाऊ चाऊ कांग निल्डा. ते शिखर इतकं जवळ दिसतं की हात लावावासा वाटतो. आमचं बुकिंग 'इको' म्हणून झालं होतं. या शब्दावर माझा विश्वास नव्हता. आपल्याकडे सिमेंटच्या खोलीला बाहेरून बांबू ठोकला की ती इको होते आणि भाडं दीडपट होतं. इथे मात्र खरोखरच एका कुटुंबाचं राहतं घर निघालं. म्हातारी अमा, तिचा मुलगा आणि सून. सुनेला आम्ही दीदी म्हणायला लागलो आणि ती आम्हाला 'जी' म्हणायला लागली. मुलाचा धाकटा भाऊ गोंपात लामा आहे. थोरल्याला शेत आणि धाकट्याला गोंपा, ही इकडची जुनी रीत.

खोली दाखवली, गरम चहा दिला (लोणी आणि मीठ घातलेला, ताईने शौर्याने संपवला, मी नाही). मग दीदी आम्हाला जिन्याशेजारच्या एका बुटक्या दारापाशी घेऊन गेली. आत मातीची जमीन, मधोमध हातभर लांब भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा आणि राखेचा ढीग, त्यात खुपसलेलं फावडं. नळ नाही, बादली नाही, टमरेल नाही. ताईने आत डोकावलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू हे घर मीच बांधलंय.

"काम झालं की दोन फावडी माती टाकायची," दीदीने हिंदीत समजावलं. धुवायचं असेल तर गच्चीच्या पलीकडे न्हाणीघर आहे, तिथे बादली ठेवलीय. "बस, यहाँ पानी नहीं डालना, जी."

भोकाच्या खाली एक बंद खोली असते, तिचं दार बाहेरून. वर्षभर थरावर थर चढतात, माती आणि राख ओल शोषून घेतात, इथल्या कोरड्या हवेत सगळं वाळत जातं. पेरणीच्या आधी ते दार उघडायचं आणि माल शेतात न्यायचा. मराठीत याला सोनखत म्हणतात. शब्द मला शाळेपासून माहीत होता, पण कुणी कशाला सोनं म्हणत असेल याचा विचार कधी केला नव्हता. हिवाळ्यात इथे पारा उणे २५च्या आसपास उतरतो, नळ गोठतात, पाइप फुटतात. फ्लश कशाने करणार? आणि वास? शपथेवर सांगते, नव्हता. एसटी स्टँडवर पदर नाकाला लावून जाणाऱ्या बाईचा शब्द आहे हा.

तरी ताई संध्याकाळपर्यंत तीनदा स्वयंपाकघरात जाऊन गरम पाणी मागून आली. पिण्यासाठी, असं म्हणाली. हे 'तीनदा' लक्षात ठेवा.

दुपारी हिक्किमला गेलो, सगळ्यात उंचावरचं म्हणून मिरवणाऱ्या पोस्ट ऑफिसात. तिथे पत्र टाकायला रांग, फोटो काढायला वेगळी रांग. मी स्वतःलाच पाठवलेलं कार्ड माझ्या मागून तीन आठवड्यांनी घरी आलं. परतताना लांगझाच्या पोरांनी रस्त्यात गाठलं. हातात गोल वळ्यांचे काळे दगड, "फॉसिल, फॉसिल" करत. हा सगळा मुलूख एके काळी टेथिस समुद्राच्या तळाशी होता, त्यातल्या शंखजातीच्या प्राण्यांचे हे अवशेष. ताईने एक दगड हातात घेतला आणि थेट कपाळाला लावला. "अगं, हा तर शाळिग्राम!" बरोबरच होतं तिचं. गंडकीतले शाळिग्राम याच जातीचे असतात. विकत घ्यायचे नाहीत, हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. देव रस्त्यात सोडून आल्याचं तिला वाईट वाटलं.

रात्री स्वयंपाकघरात तंदूरभोवती बसलो. तंदूर म्हणजे पत्र्याची चूल, तिच्यावरच स्वयंपाक आणि तीच घर उबदार ठेवते. मटाराचा हंगाम नुकता संपला होता. खाली मैदानात हिरवा मटार नसतो तेव्हा स्पितीतला तयार होतो, म्हणून त्याला भाव मिळतो आणि वर्षाचा रोख पैसा बहुतेक त्यातून येतो. घरी राखून ठेवलेल्या शेवटच्या शेंगांची भाजी होती, बरोबर तिंगमो, म्हणजे वाफवलेले पाव. इतका गोड मटार मी आयुष्यात खाल्ला नाही. ताईने तिसऱ्यांदा वाढून घेताना सहज विचारलं, "इसको खाद कौनसा डालते हो?"

दीदीने अंगठ्याने जिन्याकडे दाखवलं.

ताईचा घास हातात थांबला. मी हसू दाबत होते. मग ताई म्हणाली, "आमच्या सासरीसुद्धा परसातल्या केळी मोरीच्या पाण्यावरच वाढतात," आणि तो घास खाऊन आणखी भाजी मागितली. या बाईबद्दल मला एरवी कितीही तक्रारी असोत.

रात्री दोन वाजता माझ्या पोटात ढवळलं. दोष मटाराचा नाही. उंचीवर कमी खा, असं सगळ्यांनी बजावलं होतं. थर्मल, त्यावर लोकरीची विजार, त्यावर आणखी एक विजार, हे सगळं सोडायचं, मग आवळायचं, मग गच्चीवरच्या त्या वाऱ्यातून न्हाणीघरात जायचं आणि पुन्हा सोडायचं? नुसत्या कल्पनेनेच थंडी वाजली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तंदूरशेजारी झाकण लावलेला पाण्याचा डबा होता, अजून कोमट. मी तो उचलला आणि सरळ संडासात घेऊन गेले.

वाटीभर पाणी पुरलं असतं. पण पन्नास वर्षांची सवय आहे. सगळं आटपल्यावर मी उरलेला डबा त्या भोकात ओतला. भसाभस. आणि ओतताना मला बरं वाटलं, हेही लिहायलाच हवं. स्वच्छ वाटलं. मग खालून चिखलात काही पडल्यासारखा आवाज आला आणि माझी झोप पुरती उडाली. रिकामा डबा जागेवर ठेवला, वर झाकण लावलं आणि पांघरुणात शिरले.

सकाळी चहा उशिरा आला. गावातला नळ सप्टेंबरअखेर रात्री गोठतो, त्याच्यावर ऊन पडल्याशिवाय सुटत नाही आणि घरात भरून ठेवलेला डबा रिकामा होता. खाली गेले तर दीदी आणि तिचा नवरा त्या खालच्या खोलीचं दार उघडून आत राख, माती आणि वाळलं शेण टाकत होते. आता वास होता. जौच्या मळणीचे दिवस, शेतावर माणसं खोळंबलेली, आणि हे दोघं तास-दीड तास माझा डबा निस्तरत होते. अमा ओट्यावर बसून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि तिने ताईकडे पाहिलं.

तीनदा गरम पाणी मागणारी बाई. दुसरं कोण असणार?

"मी नाही हं!" ताई इतक्या जोरात म्हणाली की तिनेच केलंय याची सगळ्यांना खात्री पटली. मीसुद्धा तिच्याकडे तसंच पाहिलं. त्या क्षणी मनातल्या मनात मी काझातल्या हॉटेलांवर घसरले होते. तिथे खोलीखोलीत फ्लश, गीझर, बादल्याच्या बादल्या रोज वाहून जातात, ते चालतं का? एका डब्याचं काय एवढं? हे सगळं खरं आहे. पण ते मी तेव्हा का आठवत होते हे मला तेव्हाही कळत होतं.

दीदी रागावली नाही. तिने ताईला हाताला धरून पुन्हा एकदा सगळं समजावलं. ओल राहिली की हिवाळ्यात खाली बर्फाचा दगड होतो, मग कुदळीने फोडावा लागतो. लहान मुलाला सांगावं तसं सांगत होती. ताईचे कान लाल झाले होते. मी चहाच्या कपात बघत होते. आज सांगेन, जेवताना सांगेन, असं करत तो दिवस गेला. प्रायश्चित्त म्हणून अंगणातली कोरडी माती गोणीत भरून वर नेऊन टाकायचं काम मी मागून घेतलं. दर पाच पायऱ्यांवर थांबून धापा टाकत होते. "बघ, माझ्यामुळे तुला त्रास," ताई म्हणाली. ताई स्वतः म्हणाली! काल रात्री आपणच झोपेत काही केलं की काय, असं तिलाच वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी निघालो. अमाने ताईच्या गालाला हात लावला, बहुधा माफ केलं. दीदीने वाळवलेल्या वाटाण्यांची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि गाडीचं दार लावताना वाकून हळूच म्हणाली, "अगली बार इतना बड़ा डब्बा मत उठाना, जी. भारी होता है."

गाडी सुरू झाल्यावर ताईने विचारलं, "काय म्हणाली गं?"

"परत या म्हणाली."

ताई हे वाचणार, कारण माझं सगळं ती वाचते. ताई, त्यातले वाटाणे अजून शिल्लक आहेत. रविवारी उसळ करून घेऊन येते. दार उघड म्हणजे झालं.